माती कुणी दिली

कोळवणच्या चौकात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं एक दुकान आहे. तिथे जळालेल्या तांब्याच्या वासात एक जुना कॉम्प्युटर बसलेला असतो. त्याच्या पोटातून मी बोलतोय. मला चेहरा नाही. एक पांढरी खिडकी, वर शीर्षकाची जागा, खाली लिहायची जागा आणि कोपऱ्यात दोन बटणं, एवढाच मी. 'मसुदा' हे बटण दाबलं की मजकूर माझ्यापाशी राहतो. 'प्रकाशित करा' दाबलं की तो जगाचा होतो. लोक इंटरनेटवर ब्लॉग लिहितात ना, तो इथे बसून लिहून घ्यायचा आणि तिथे नेऊन पोचवायचा, ही माझी नोकरी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला 'नको' म्हणता येत नाही. खरं लिहा, खोटं लिहा, रागाने लिहा, बटण दाबलंत की मी निघालोच. हे सांगायचं कारण पुढे येईल.

माझा जन्म परदेशातला. मला घडवणाऱ्या माणसांनी कोळवणचं नावही ऐकलं नसेल. मला इथे आणलं निरंजन नावाच्या माणसाने. तो मूळचा लातूरकडचा, हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी करणारा. कोळवणात त्याने फार्महाऊस घेतलं, टेबलावर हा कॉम्प्युटर मांडला आणि मला त्यात उतरवून घेतलं. पहिल्या शनिवारी त्याने भातखाचरांवरच्या धुक्यावर लेख लिहिला. तो मी मोठ्या उत्साहाने पोचवला. नंतर त्याने 'आजपासून रोज लिहिणार' असं शीर्षक टाकलं आणि चहा करायला उठला. तो मसुदा अजून माझ्याकडे आहे. त्याच्यानंतर त्याच शीर्षकाचे आणखी दोन आहेत. माणसांच्या संकल्पांचं काय होतं हे मला विचारा, मी ते जपून ठेवतो.

निरंजनने लॅपटॉप घेतला तेव्हा हा कॉम्प्युटर अडगळ झाला. मोटार न्यायला आला असताना तो दुकानदार मोहिद्दीन यांना म्हणाला, "चाचा, तुमच्या मुलीला लागतो का बघा, नाहीतर भंगारात देतो." मोहिद्दीन म्हणाले, "भंगारात कशाला? आमच्या दुकानात समदं भंगारच जितं करतो आमी."

अशी मला हुमा मिळाली.

हुमा मोहिद्दीन आणि शमशाद यांची मुलगी, पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. निरंजन एक ओळ लिहायचा आणि दोन पुसायचा. हुमा पुसतच नसे. तारेवर हातोडी बसावी तशी तिची बोटं बसायची. तिच्या लेखात पूर्णविरामांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त. ब्लॉगला नाव दिलं 'आडवाट'. बंद पडलेली एसटीची फेरी, दवाखान्यात न येणारा डॉक्टर, नदीत सोडलेलं काळं पाणी, काही म्हणून तिने सोडलं नाही. जवळच्या उरवड्याच्या कारखान्यांतली पोरं जेवणाच्या सुट्टीत ते लेख वाचायची आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. एका लेखानंतर एसटी खरोखर सुरू झाली. त्या दिवशी शमशादअम्मींनी दुकानात शिरखुर्मा आणला, आणि हुमाच्या मनात पक्कं बसलं की लिहिलं की होतं. उशीर करतात ते भित्रे.

मला ती फार आवडायची. अजून आवडते.

या उन्हाळ्यात गावामागचा डोंगर कापायला सुरुवात झाली. पोकलेन लागला, डंपर धावू लागले. तांबडा मुरूम भरभरून बाहेर चालला होता, कुठल्या तरी बंगल्यांच्या भरावासाठी. डोंगराच्या पोटाला मोठी खाच पडली होती आणि बरोबर तिच्याखाली वस्ती होती. पाऊस लागला की वरची माती कुठे उतरणार, हे कुणालाही दिसत होतं. डोंगराचा तो भाग गावातल्या बऱ्याच घरांचा सामाईक. मग डोंगराची माती कुणी देऊन टाकली? सगळे एकमेकांकडे बघायचे.

हुमाने विचारायचं ठरवलं. वस्तीत रईसचाचा राहतात, अगदी त्या खाचेखाली. ती त्यांच्या अंगणात गेली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "चाचा, माती कुणी दिली?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. म्हणाले, "दादासाहेबानं. पयली माती त्यानंच दिली पोरी, समद्यांच्या आदी."

बस्स. हुमा तशीच दुकानात आली, खुर्ची ओढली आणि मला उघडलं. दादासाहेब म्हणजे गावातलं वजनदार माणूस. तंटा सोडवायला, लग्न ठरवायला, सगळ्यांना तेच लागतात. त्यांचं नाव तिने शीर्षकातच घातलं: 'डोंगर विकणारा माणूस : दादासाहेब!' खाली लिहिलं, "पहिली माती त्यांनीच दिली, हे सांगताना रईसचाचा रडत होते. ते डोंगरासाठी रडत होते!" कापलेल्या डोंगराचे सहा फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. तिच्या आधी गावाने हे वाचायलाच हवं होतं.

लिहून होताच तिने बटण दाबलं, पण टॉवर बंद होता. वीज गेली की आमच्या खोऱ्यात टॉवरही झोपतो. दुकान मोहिद्दीनचाचांच्या बॅटरीवर चालू होतं, पण रेंज नव्हती. अशा वेळी मी लेख रांगेत ठेवतो आणि नेट दिसलं की स्वतःहून पाठवतो. हुमाने अब्बांचा फोन माझ्याशेजारी ठेवला, कारण मला नेट मिळतं ते त्याच फोनवरून.

"अब्बा, हा फोन हलवू नका."

"का गं? काय पाठवतीस?"

"उद्या कळेल गावाला."

"गावाला उद्या कळंल, बापाला आज कळू दे की."

"तुम्ही घाबराल," ती हसून म्हणाली आणि स्कूटी काढून रईसचाचांकडे निघाली. तुमचं नाव लेखात आहे, आता मागे हटू नका, एवढंच तिला सांगायचं होतं.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं, तिने अब्बांना सांगितलं तेव्हा. तुम्हाला मात्र आत्ताच सांगतो, नाहीतर पुढे काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला समजायचं नाही.

ती म्हणाली, "चाचा, तुमचं वाक्य टाकलंय. पहिली माती दादासाहेबांनी दिली, जसंच्या तसं."

रईसचाचा म्हणाले, "लई चांगलं केलंस. असलमला बरं वाटंल."

"असलमचाचांना? ते तर गेले ना?"

"मग? त्याच्याच कबरीचं इचारलं हुतंस न्हवं का तू?"

असलम म्हणजे रईसचाचांचे धाकटे भाऊ. हुमा परीक्षेसाठी पुण्यात होती तेव्हा ते वारले. माणूस पुरताना जमलेला प्रत्येकजण कबरीत मूठमूठ माती टाकतो, त्याला माती देणं म्हणतात. बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे हुमाच्या डोक्यात विचारताना मातीचा अर्थ एकच होता, मुरूम. आणि भाऊ नुकताच गेलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात दुसराच. असलम आणि दादासाहेब लहानपणापासूनचे दोस्त. रईसचाचांनी सख्ख्या भावाचा मान बाजूला ठेवून दादासाहेबांना पुढे केलं होतं. म्हणून पहिली माती त्यांची.

हुमाच्या पायाखालचं अंगण सरकलं. तिने फोन काढला. रेंज नव्हती. टॉवर अजून झोपलेला, म्हणजे लेखही गेला नसणार, एवढीच काय ती आशा. पण टॉवर जागा झाला की तिचा फोन आणि माझा लेख एकदमच सुटणार होते. तिने स्कूटी वळवली.

इकडे दुकानात पंखा फिरू लागला. वीज आली होती. थोड्या वेळाने अब्बांच्या फोनवर रेंजची एक काडी उमटली, मग दुसरी. मला नेट दिसलं.

मी निघालो. काय करणार? माझी पद्धत अशी, की आधी फोटो पोचवायचे आणि शेवटी मजकूर. पहिला फोटो गेला. मोहिद्दीनचाचा माझ्याकडे पाठ करून मोटारीत तार भरत होते. दुसरा गेला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिसरा गेला. त्या फोटोत खाचेखालची घरं दिसत होती. चौथा निम्मा झाला.

आणि फोन वाजला.

आमच्या खोऱ्यात रेंज एवढीशी, की फोनला एका वेळी एकच काम जमतं. बोला, नाहीतर पाठवा. चाचांनी तारेतला हात न काढता कोपराने फोन उचलला आणि स्पीकर लावला. हिरवी पट्टी जागच्या जागी थांबली.

"मोहिद्दीन, माझी मोटार जिती हाय का मेली?"

आवाज दादासाहेबांचा होता.

"जिती हाय दादासाहेब. पन कॉइल पार काळी झालीया. बिनपान्याची चालवली व्हय?"

"म्या न्हाई, पोरानं चालवली."

"दर टायमाला पोरानंच चालवलेली असती."

"आता ह्या वयात मी खोटं बोलू व्हय रं?"

"आदीच्या वयात बोलायचा, तवापास्नं मला सवय पडलीया."

दोघं हसले. खरंखोटं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण अशा हसणाऱ्या माणसावर तो लेख सोडावासा वाटेना. ज्याच्या नावाची पाटी माझ्या रांगेत उभी होती, त्याच माणसाच्या बडबडीने ती अडवून धरली होती. बोला दादासाहेब, मी मनात म्हणत होतो, बोलत राहा.

"बरं, मंग संध्याकाळी येतो न्यायला. ठिवतो."

ठेवू नका!

"आन ऐक," ते म्हणाले. आयुष्यात कुठल्याच दोन शब्दांनी मला इतका धीर दिला नाही. "शमशादच्या गुडघ्याचं काय झालं?"

"हाय तसंच. दवाखान्यात चल म्हनलं की गुडघा बरा हुतोय."

"आमच्या घरीबी तीच तऱ्हा." मग ते जरा थांबले. थांबू नये असं मला वाटत होतं. "असलम गेल्यापास्नं पाराकडं पाय वळत न्हाई बघ. आमचं ठरल्यालं हुतं. तू आदी गेलास तर माती मी देनार, मी आदी गेलो तर लाकडं तू आनायची. म्या माझं केलं. आता माझी लाकडं कोन आनतंय?"

"आमी हाय की दादासाहेब."

"तू? तू लाकडंबी दुरुस्त करून आनशील, जुनी!"

बाहेर स्कूटी आदळल्याचा आवाज झाला. हुमा आत आली ती धावतच, ओढणी खांद्यावरून लोंबत. वाटेत रेंज येताच तिने अब्बांना फोन लावला होता. 'आपण ज्या व्यक्तीला फोन केला आहे, ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे', एवढंच तिला परत परत ऐकू येत होतं. ती माझ्यावर झेपावली. माउस तारेच्या भेंडोळ्याखाली दबलेला. भेंडोळं खाली पडलं, त्याच्यामागून पक्कड पडली. तिने चौथ्या फोटोच्या निम्म्या पट्टीवर 'थांबवा' दाबलं.

मी थांबलो. थांबताना एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

"काय पडलं रं तितं?" फोनमधून आवाज आला.

"हुमा आलीया. वाघ मागं लागल्यागत." चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. "काय झालं गं?"

हुमाने रईसचाचांकडचा सगळा प्रकार भडाभडा सांगितला. फोन चालूच होता, हे तिला कळलं तेव्हा सांगून झालं होतं. इथे ती फोन बंद करू शकली असती. लेख पुसून टाकला असता तर गावाला कधीच कळलं नसतं. तिने फोन हातात घेतला.

"दादासाहेब, मी तुमच्यावर लेख लिहिलाय. डोंगर विकणारा माणूस, असं त्याचं नाव आहे. आत्ता जाणार होता."

फोनमधला हसरा आवाज एकदम उतरला.

"मला इचारलं का न्हाईस?"

"तुम्ही खोटं सांगाल असं वाटलं."

"मंग खोटं सांगितलं असतं तर ते लिव्हायचं हुतंस. पन इचारायचं तरी. मी काय परमुलखात ऱ्हातो व्हय? तुज्या दुकानात माझी मोटार पडलीया."

हुमाचा चेहरा माझ्या पांढऱ्या उजेडात अगदी लहान दिसत होता. तरी ती हुमाच. तिने ओढणीने नाक पुसलं आणि विचारलं, "आता विचारते. असलमचाचांची माती नाही, डोंगराची. डोंगराची माती कुणी दिली?"

"समद्यांनी."

"म्हणजे?"

"म्हंजी समद्यांनी. एक मानूस आला. म्हनला, थोडा मुरूम न्हेतो आन तुमच्या खाचरापर्यंत रस्ता करून देतो. आमी पारावर बसलो हुतो. रस्ता कुनाला नगं हाय? घराघरातनं व्हय आलं. म्याबी व्हय म्हनलो. तुज्या अब्बानंबी मान डोलावली. थोडा म्हंजी किती, ते कुनी इचारलंच न्हाई."

मोहिद्दीनचाचांचे हात तारेवर थांबले.

"अब्बा?"

"रस्ता चांगला हुईल म्हनले," ते खालीच बघत म्हणाले. "पावसात मोटारी डोक्यावर आनत्यात लोकं."

हुमा अब्बांकडे बघत राहिली. मी तिचा राग पाहिलाय, पण हे काहीतरी वेगळं होतं. शत्रू शोधायला गेलेल्या पोरीला पारावर आपलाच बाप बसलेला सापडला होता. मग तिने खुर्ची ओढली, माझ्यातला लेख उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुसायला सुरुवात केली. शीर्षक गेलं. रडणारे रईसचाचा गेले. उद्गारचिन्हं एकेक करून गेली. मोकळ्या जागेत तिने लिहिलं, 'माती कुणी दिली? आम्ही दिली.' खाली दादासाहेबांच्या होकारासकट ते 'थोडा मुरूम' कसं झालं ते साध्या वाक्यांत लिहिलं. उद्याच्या सभेत सगळ्या घरांनी मिळून आपला होकार मागे घ्यावा आणि पाऊस लागायच्या आत पोकलेन खाली उतरवावा, असं लिहिलं. फोनवर दादासाहेब थांबले होते. तिने त्यांना सगळं वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "फकस्त माझं नाव आडनावासकट घाल. गावात दादासाहेब दोन हायेत. तू मगाशी दोघांनाबी डोंगर विकाय लावला असतास."

हुमाला हसू आलं, आणि हसता हसता रडू.

फोन ठेवल्यावर मोहिद्दीनचाचा उठून तिच्या खुर्चीमागे आले. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. काळं बोट पडद्यावर टेकवून म्हणाले, "हितं 'आम्ही' लिव्हलंयस."

"मग? तुमचं एकट्याचं नाव कसं घालू?"

"'आम्ही' ही लई मोठी वस्ती हाय, हुमा. तिच्यात कुनीबी लपतं. दादासाहेबांचं घातलंस तसं माझंबी घाल. रईसचंबी घाल, त्यानंबी व्हय म्हनलं हुतं, पन आदी त्याला इचारून ये."

ती गेली आणि विचारून आली. मग नावं घातली, आडनावांसकट, वडिलांचं सगळ्यात वर. बटणावर बोट ठेवून ती थांबली. ती थांबली, हेच माझ्यासाठी नवल. मग तिने दाबलं.

आता मी तुमच्याशी बोलतोय तो या क्षणी. सहा फोटो आणि एक मजकूर घेऊन मी निघालो आहे. ज्या संकेतस्थळावर मी लेख पोचवतो, त्यांनी कळवलंय की पुढच्या महिन्यापासून माझ्यासारख्या जुन्या सॉफ्टवेअरला तिथे दार उघडणार नाही. हुमा पुढे मोबाइलवर लिहील. निरंजनचे तीन संकल्प आणि मी, असे इथेच राहू. त्याचं फार वाईट वाटत नाही. आजपर्यंत जे हातात दिलं ते पोचवलं, काय पोचवतोय याची फिकीर केली नाही. हा एक लेख मात्र पोचावा असं वाटतं. उद्या ग्रामसभा आहे आणि आकाशात ढग यायला लागलेत.

तिसरा फोटो गेला. चौथ्याची पट्टी मगाशी थांबली होती, ती जागा ओलांडून पुढे सरकली. अब्बांच्या फोनवर दोनच काड्या आहेत. हुमा आणि मोहिद्दीनचाचा श्वास धरून त्या हिरव्या पट्टीकडे बघतायत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाची मोटार या दुकानात पडली असेल, तर ती झाली का हे विचारायला आत्ता फोन करू नका. दादासाहेब, तुम्हीसुद्धा. थोडं थांबा.